तेलाबरोबर येणारे पाणी

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात असलेले आलापल्ली हे गाव सागवानासाठी सर्वदूर परिचित आहे. येथील राखीव वनखंडास २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाल्याने त्या लौकिकात भरच पडली. परंतु आलापल्लीची दुसरीही एक ओळख आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा या चारही दिशांचे रस्ते येथे येऊन मिळतात. एस. टी. गाड्या, लाकडाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि अलीकडच्या वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक यांमुळे या तिठ्या-चौकांवरील वर्दळ वाढली आहे. वाहने आली म्हणजे त्यांच्या दुरुस्तीची दुकाने आली, धुण्याची ठिकाणे आली, आणि त्यांच्याबरोबर रस्त्याकडेच्या नाल्यात तेलाचा तवंगही आला.

हे तेल जेथे जन्मास येते ते ठिकाण आलापल्लीपासून शेकडो किलोमीटर दूर, समुद्राच्या तळाखाली आहे. तेथेही हाच प्रश्न उभा असतो: तेलात मिसळलेल्या पाण्याचे काय करावयाचे? फरक केवळ आकाराचा आहे. म्हणून तेथे हा प्रश्न कोणत्या साधनांनी सोडविला जातो हे समजून घेतल्यास ग्रामपंचायतीच्या सदस्यास आपल्या गावातील नाल्याविषयी निर्णय घेणे सोपे जाईल, आणि शिक्षकास घनता, पृष्ठताण व गुरुत्वाकर्षण शिकविण्यासाठी एक जिवंत उदाहरण मिळेल.

मुंबई हाय ते उरण

भारतातील तेलसंशोधनाचे काम करणाऱ्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ साली झाली. सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने साठच्या दशकात अरबी समुद्राच्या तळाची भूकंपीय पद्धतीने पाहणी करण्यात आली आणि १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या तरत्या वेधनयंत्राने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर तेलाचा शोध लावला. २१ मे १९७६ रोजी तेथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. तेव्हा बॉम्बे हाय म्हणून ओळखले जाणारे हे क्षेत्र आज मुंबई हाय या नावाने ओळखले जाते. येथे समुद्राची खोली सुमारे ७५ ते ८० मीटर असून तेल मुख्यत्वे चुनखडकात साठलेले आहे.

आरंभी हे तेल समुद्रातच जहाजांत भरून किनाऱ्यावर आणले जात असे. १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत दोन नळ टाकण्यात आले. त्यांतील एक तेलासाठी, ३० इंच व्यासाचा. दुसरा वायूसाठी, २६ इंच व्यासाचा. प्रत्येकाची लांबी सुमारे २०० किलोमीटर. रायगड जिल्ह्यातील उरणचा प्रक्रिया प्रकल्प या नळांच्या मुखाशी उभा आहे. तेथून तेल तुर्भे-माहुल परिसरातील शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते, तर वायूच्या बळावर १९८२ साली उरणचे वायुविद्युत केंद्र सुरू झाले. थळ येथील खत कारखाना व नागोठण्याचे रसायन संकुल हीही याच वायूची अपत्ये होत.

तेल म्हणजे भूगर्भातील तळे व विहीर म्हणजे त्यात सोडलेली नळी, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेल हे खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, स्पंज पाण्याने भिजावा तसे भरलेले असते. त्याच्या वर बहुधा वायू आणि खाली खारे पाणी असते. (सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वृक्षांचे व प्राण्यांचे जीवाश्म ज्या गाळाच्या खडकांत सापडतात, तशा जातीच्या खडकांतच तेल निर्माण होते हे खरे, मात्र जीवाश्म सापडले म्हणजे तेल असलेच पाहिजे असे मुळीच नाही.) विहिरीतून वर येते ते तेल, वायू, खारे पाणी व थोडी वाळू यांचे उकळत्या पाण्यासारखे खदखदणारे मिश्रण असते. ते आहे तसे ना जहाजात भरता येते, ना शुद्धीकरण कारखान्यास देता येते. पाण्यातील मीठ यंत्रे व नळ खाऊन टाकते. वायू दाब वाढवितो. वाळू झडपा झिजविते.

पहिली फारकत

समुद्रातील फलाटावर हे मिश्रण प्रथम एका आडव्या, जाड पोलादी टाकीत घेतात. तिला पृथक्कारक म्हणता येईल. कामगारांच्या बोलण्यात ती 'सेपरेटर'च असते. आत शिरताच मिश्रण एका पत्र्यावर आदळते आणि त्याचा वेग मोडतो. वायू वर निघून जातो, पाणी तळाशी बसते, तेल मध्ये राहते. टाकीच्या शेवटी एक बांध असतो, त्यावरून ओसंडणारे तेल पलीकडच्या कप्प्यात पडते व पाणी बांधाच्या अलीकडे तळाच्या नळातून काढून घेतात. हलणारा एकही भाग नसलेल्या या टाकीत काम करते ते केवळ गुरुत्वाकर्षण आणि सवड. दाब टप्प्याटप्प्याने कमी केल्यास वायूबरोबर उडून जाणारे हलके तेल वाचते. म्हणून अशा टाक्या एकापुढे एक अशा मांडलेल्या असतात.

इतके झाले तरी तेलातील सर्व पाणी जात नाही. विहिरीतून वर येताना, झडपांतून पिळून निघताना तेल व पाणी इतके घुसळले जातात की पाण्याचे बारीक कण तेलात अडकून बसतात. शास्त्रीय परिभाषेत यास पायस म्हणतात. दूध हेदेखील पायसच आहे: त्यात स्निग्धांशाचे कण पाण्यात विखुरलेले असतात आणि त्यांच्याभोवतीच्या आवरणामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. गृहिणी विरजण लावून व घुसळून ते आवरण मोडते, तेव्हा लोणी वर येते. पुढे लोणी कढविताना जो तडतड आवाज होतो तो उरलेल्या पाण्याच्या निघून जाण्याचा. तेलक्षेत्रात हेच काम तीन उपायांनी साधतात. पायस फोडणारी रसायने अत्यल्प प्रमाणात मिसळतात. मिश्रण तापवितात, म्हणजे तेल पातळ होऊन कणांना हालचाल करता येते. आणि उच्च दाबाच्या विद्युत्क्षेत्रातून नेतात, म्हणजे पाण्याचे कण एकमेकांकडे ओढले जाऊन मोठे होतात व खाली बसतात. उरणला तेल पोहोचल्यावर त्यातील उरलेले पाणी व विरघळलेला वायू काढून ते स्थिर केले जाते. अस्थिर तेल टाकीत साठविणे म्हणजे धोक्यास आमंत्रण होय.

वायूची कथा

वायूची प्रक्रिया येथे थोडक्यात सांगणे पुरे. वायूत बाष्प राहिल्यास उच्च दाबाखाली, शून्य अंशाच्या बऱ्याच वरच्या तापमानालाही, त्याचे बर्फासारखे खडे बनतात व नळ तुंबतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी एकत्र आले म्हणजे पोलाद गंजते. म्हणून वायू एका उंच मनोऱ्यातून वर नेतात व वरून ग्लायकॉल हा पाणी शोषणारा द्रव खाली सोडतात. ग्लायकॉल तापवून त्यातील पाणी उडविले की तोच द्रव पुन्हा वापरता येतो. वसई क्षेत्रातून गुजरातमधील हजिरा येथे जाणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असल्याने तेथे तो अमाइन द्रावणाने धुऊन घेतात व वेगळ्या काढलेल्या वायूपासून गंधक मिळवितात. हायड्रोजन सल्फाइडचा नासक्या अंड्यासारखा वास सर्वांस ठाऊक असतो, पण त्याचे प्रमाण वाढले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असे मानणे प्राणघातक ठरू शकते.

उरणला हा वायू अतिशीत करून त्यातील प्रोपेन व ब्युटेन द्रवरूपात वेगळे काढतात. स्वयंपाकाचा वायू तो हाच. शुद्धीकरण कारखान्यांतून व परदेशांतून येणाऱ्या अशाच वायूत मिसळून तो १४.२ किलोग्रॅमच्या सिलिंडरमधून घरोघरी जातो. मुळात त्याला वास नसतो; गळती ध्यानी यावी म्हणून उग्र वासाचे मरकॅप्टन त्यात मुद्दाम घालावे लागते. मुंबई हायच्या प्रारंभीच्या काळात वायू उतरवून घेण्याची सोय अपुरी असल्यामुळे त्यातील बराचसा समुद्रातच जाळून टाकावा लागला. वनक्षेत्रातील आयाबाया त्याच वेळी सरपणाच्या मोळ्या डोक्यावर वाहत होत्या, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सर्वांत चिवट भाग

तेल विकले जाते, वायू विकला जातो. पाणी मात्र कोणी विकत घेत नाही. त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव सर्वाधिक. जगातील तेलक्षेत्रांचा एकत्रित विचार केला तर एका पिंप तेलामागे तीन किंवा त्याहून अधिक पिंपे पाणी वर येते. क्षेत्र जुने होत जाते तसे हे प्रमाण वाढते, कारण तेल निघून गेलेल्या जागेत खालचे पाणी शिरते, आणि खडकातील दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू व जंतू काढून, पुन्हा विहिरींत भरावे लागते. मुंबई हायमध्येही असे पाणी भरले जाते. पाच दशके वापरलेल्या या क्षेत्रातील यंत्रणेचा मोठा भाग म्हणूनच तेलाइतकाच पाण्यासाठी खपतो.

या पाण्यातून तेल काढणे कठीण का, हे एका साध्या हिशेबाने कळते. द्रवातून वर चढणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असा स्टोक्स या शास्त्रज्ञाचा नियम आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तेलाचा थेंब स्थिर पाण्यात एक मीटर वर यावयास सुमारे २० मिनिटे घेतो. त्याचा व्यास दहापट कमी झाला, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा राहिला, तर वेग शंभरपट कमी होतो, आणि तेच अंतर तोडण्यास ३० तासांहून अधिक वेळ लागतो. समुद्रातील फलाटावर एवढी सवड कोठून आणणार?

अभियंत्यांनी यावर काढलेल्या युक्त्या मनोरंजक आहेत. पहिली म्हणजे थेंबाचा प्रवासच लहान करणे. टाकीत एकमेकांपासून दोन सेंटिमीटर अंतरावर तिरक्या पन्हळी पत्र्यांची चवड बसवितात. बारीक थेंबाला आता मीटरभर नव्हे, केवळ दोन सेंटिमीटर चढावे लागते. चाळीसेक मिनिटांत तो वरच्या पत्र्यास चिकटतो, तेथे इतर थेंबांशी मिळून मोठा होतो आणि पत्र्याच्या खालच्या अंगाने घसरत वर येतो. दुसरी युक्ती गुरुत्वाकर्षण वाढविण्याची. हायड्रोसायक्लोन नावाच्या निमुळत्या नळीत पाणी कडेने जोरात सोडले की ते भोवऱ्यासारखे फिरू लागते. जड पाणी कडेस फेकले जाते आणि हलके तेल मध्यभागी गोळा होते. तिसऱ्या उपायात पाण्यात वायूचे असंख्य बुडबुडे सोडतात. तेलाचे कण बुडबुड्यांस चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर निथळून घेतले जातात.

एवढे सारे करून पाणी किती स्वच्छ व्हावे? भारतातील नियमानुसार समुद्रात सोडावयाच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात तेलाचे प्रमाण ९५ टक्के नमुन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे आणि कधीही १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. त्यासाठी साधे पाणी मिसळून ते पातळ करण्यास मुभा नाही. ४० मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत लहान अर्धी वाटी तेल. उत्तर समुद्राभोवतालच्या युरोपीय देशांनी ही मर्यादा ३० मिलिग्रॅमवर आणली आहे. जमिनीवरील तेलक्षेत्रांसाठी भारतातील मर्यादा १० मिलिग्रॅम इतकी कडक आहे, आणि ते योग्यच आहे. कारण जमिनीवरील पाणी शेवटी कोणाच्या तरी विहिरीत उतरते.

दोन दुर्घटना

ही यंत्रणा किती नाजूक समतोलावर उभी असते हे २७ जुलै २००५ रोजी दिसून आले. मुंबई हायच्या उत्तर भागातील फलाटावर एका जखमी कर्मचाऱ्यास उतरविताना 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज वायूच्या उभ्या नळावर आदळले. सुटलेल्या वायूने पेट घेतला आणि संपूर्ण फलाट भस्मसात झाला. २२ जणांचे प्राण गेले.

दुसरी घटना प्रस्तुत विषयाशी अधिक निकटची आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी सकाळी उरण प्रकल्पात जी आग लागली ती कोण्या मोठ्या टाकीत नव्हे, तर पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारव्यवस्थेत. तीत चार जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांतील तिघे आग विझविण्यास धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. पावसाच्या पाण्याच्या वाटेत ज्वालाग्राही तेल शिरले की गटार हीच तेलवाहिनी बनते. पाण्यावर तरंगणारे तेल जेथे पाणी जाईल तेथे जाते, आणि ठिणगी मिळाली तर तेथवर आगही जाते.

आलापल्लीच्या नाल्यापाशी

आता पुन्हा आलापल्लीकडे वळता येईल. एका मोठ्या ट्रकच्या इंजिनातील तेल बदलले की पंधराएक लिटर काळे तेल निघते. ग्रामीण भागात त्यास जळके ऑइल म्हणतात. वाळवी लागू नये म्हणून ते घराच्या वाशांना, कुंपणाच्या खांबांना फासण्याची रीत आहे, आणि उरलेले बहुधा मागच्या अंगणात ओतले जाते. लिटरमागे १० मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर असे एक लिटर तेल सुमारे ८८ हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत बिघडविण्यास पुरेसे आहे. एका ट्रकच्या तेलाचा हिशेब तेरा लाख लिटरांच्या घरात जातो. शिवाय इंजिनातील झीज झालेल्या धातूंचा अंश त्यात असतो, तो वेगळाच. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ते पिंपात साठवून ठेवल्यास त्याला किंमतही येते. पाण्यात मिसळले की त्याची किंमत संपते व उपद्रव सुरू होतो.

वाहने धुण्याच्या जागेसाठी उरणच्या तोडीची यंत्रे लागत नाहीत. विटा-सिमेंटची तीन कप्प्यांची टाकी पुरते. पहिल्या कप्प्यात माती व वाळू बसते. दुसऱ्यात तेल वर येते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा नळ खाली वाकविलेला, तळापासून थोडे वरचे पाणी घेणारा असावा, म्हणजे तवंग मागेच राहतो. फलाटावरील पृथक्कारकाचेच हे गावठी रूप होय. तासाला ५०० लिटर पाणी वापरणाऱ्या ठिकाणी दुसरा कप्पा किमान ५०० लिटर पाणी मावेल एवढा ठेवावा. म्हणजे पाण्यास तासाभराची सवड मिळते आणि वर सांगितलेल्या २० मिनिटांच्या हिशेबाने मोठे थेंब सुटून येतात. बारीक थेंब मात्र अशा टाकीत सुटत नाहीत. म्हणूनच धुण्यासाठी साबणाची भुकटी वापरण्यावर बंधन हवे, कारण साबण तेलाचे बारीक कण करून पायस बनवितो आणि टाकी असून नसल्यासारखी होते. धुण्याच्या जागेवर छप्पर व भोवती बुटका कठडा असणे तितकेच आवश्यक आहे. गडचिरोलीच्या पावसात उघडी टाकी तासाभरात भरून वाहू लागेल आणि महिनाभर साठविलेला तवंग एका सरीत नाल्यात जाईल. दर आठवड्यास तवंग निथळून पिंपात भरणे व पावसाळ्यापूर्वी गाळ उपसणे हे काम कोणाचे, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी. बांधलेली टाकी कोणी साफ न केल्यामुळे निरुपयोगी होणे, हाच अशा योजनांचा नेहमीचा शेवट असतो.

अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाचा अधिकार तेथील पंचायत व्यवस्थेस दिलेला आहे, त्यामुळे नाल्याच्या काठी धुण्याची जागा कोठे असावी व कोठे नसावी हा विषय ग्रामसभेपुढे आणता येतो. आलापल्ली परिसरातील पाणी अखेर प्राणहितेकडे व पुढे गोदावरीकडे जाते, पण त्याआधी ते वाटेवरील गावांच्या झऱ्यांजवळून व हातपंपांजवळून वाहते.

शाळेत हा पाठ दोन बाटल्यांनी शिकविता येईल. दोहोंत पाणी व थोडे गोडेतेल घ्यावे. एकीत चिमूटभर साबणाची भुकटी टाकून दोन्ही सारख्याच जोराने हलवाव्यात व खिडकीत ठेवून द्याव्यात. पहिलीतील तेल तास संपण्यापूर्वी वर येऊन वेगळे होते. दुसरीतील पाणी मधल्या सुट्टीनंतरही दुधासारखे पांढरे राहते. विद्यार्थ्यांनी ती बाटली दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पाहावी आणि निरीक्षण वहीत लिहावे. नंतर तिच्यात मीठ टाकून किंवा ती कोमट पाण्यात ठेवून काय फरक पडतो तेही पाहावे.